सीसीटीला कळतं कसं, पटलात काय कमी पडलंय?

सेमिनारग्रस्त:
एम.एस्सी. दुसरं वर्ष, परवा सेमिनार. पेशीपटलातलं एक मुख्य लिपिड (मेद) असलेलं फॉस्फॅटिडिलकोलीन (पीसी) तयार होण्याचा केनेडी मार्ग पाठ आहे. कोलीन कायनेज कोलीनला फॉस्फेट लावतं, सीसीटी हे एन्झाइम सीटीपी हा रेणू वापरून त्याचं सीडीपी-कोलीन करतं, शेवटचं एन्झाइम त्यातलं फॉस्फोकोलीन डायॲसिलग्लिसरॉल या लिपिडवर चढवतं. वेग सहसा सीसीटीवर ठरतो म्हणतात. पण सीसीटी तर लिपिडला हातही लावत नाही! त्याचे दोन्ही सब्स्ट्रेट (ज्यांवर ते काम करतं ते रेणू) पाण्यात विरघळणारे. मग पटलात पीसी कमी पडलंय हे त्याला सांगतं कोण?

पिपेटवाली:
हे मी मार खाऊन शिकले. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी सीसीटी शुद्ध केलं, जेलवर एकच पट्टा, मी खूश. ॲसे (एन्झाइम किती काम करतं ते मोजणारी चाचणी) लावला तर काउंट, म्हणजे मोजलेले आकडे, जवळजवळ ब्लँकइतकेच (एन्झाइम न घातलेल्या नमुन्याइतकेच). तीन आठवडे गेले: बफर बदल, ताजं सीटीपी आण, मॅग्नेशियम वाढव. शेवटी एका सीनियरने विचारलं, "व्हेसिकल्स घातलीस का?" पीसी आणि ओलिइक आम्लाची व्हेसिकल्स, म्हणजे पटलासारखे सूक्ष्म फुगे, घातली आणि काउंट उसळले. एन्झाइम मेलं नव्हतं, टेकायला पटल नव्हतं म्हणून गप्प होतं.

त्याला एम डोमेन नावाचा लांब भाग असतो. पाण्यात तो बराचसा विस्कळीत, पण त्यातला एक तुकडा सक्रिय स्थळापाशी अडसर घालून बसतो. आता पटलाकडे बघ. पीसीचा रेणू साधारण नळकांड्यासारखा. ते कमी होऊन लहान डोक्याची लिपिडं, म्हणजे पीई (फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन) किंवा डायॲसिलग्लिसरॉल, वाढली की पृष्ठभागावर फटी पडतात. एम डोमेन हेलिक्स (मळसूत्री आकार) होऊन त्या फटींत रुततो. ऋणप्रभारी लिपिडंही त्याला ओढतात. तो तिकडे गुंतला की अडसर निघतो. पीसी भरलं, फटी बुजल्या, की सीसीटी पुन्हा सुटं. निरोप्या कुणी नाहीच.

जुना_बायोकेमवाला:
ताईंच्या 'ताजं सीटीपी'वरून आठवलं. केनेडी आणि वाइस यांच्या लिपिड बनवण्याच्या प्रयोगात साधं, अस्फटिकी एटीपी चालायचं, शुद्ध स्फटिकी एटीपी चालेना. कारण पहिल्यात सीटीपीची भेसळ होती! 1956 साली त्यांनी सीटीपीचं काम छापलं. अशुद्ध बाटलीचे उपकारच म्हणायचे.

सेमिनारग्रस्त:
फटींचं डोक्यात बसलं, ताई. पीसी करणारं यकृतातलं दुसरं एन्झाइम, पेम्ट, त्याचं काय? तिथे सीसीटी लागत नाही ना?

पिपेटवाली:
त्या वाटेवर नाही लागत. पेम्ट पीईलाच तीन मिथिल गट लावून पीसी करतं. यकृतातलं साधारण 30 टक्के पीसी तसं येतं, बाकीचं सीसीटीच्याच वाटेने. पेम्ट नसलेल्या उंदरांना कोलीनविरहित आहार दिला तर काही दिवसांतच यकृत निकामी होतं. पेम्टही नाही, सीसीटीच्या वाटेला लागणारं कोलीनही नाही, म्हणजे दोन्ही वाटा बंद!

आणि स्लाइडवर नुसतं 'सेन्सर' लिहू नकोस, फटीचं चित्र काढ. सीसीटी-आल्फा बरंचसं केंद्रकात सापडतं आणि केंद्रकाच्या आतल्या पटलाला चिकटतं, हेही बघून जा. कुणीतरी विचारणारच.