ट्रेस करताना कडा वेड्यावाकड्या का येतात

व्हॉट्सॅपवर आलेला दुकानाचा लोगो ट्रेस केला, म्हणजे सॉफ्टवेअरकडून चित्रावरून रेषांचे आकार (व्हेक्टर) काढून घेतले, की कडा करवतीसारख्या का येतात असं एकाने विचारलंय, त्यावर थोडी भर. दोष सॉफ्टवेअरचा कमी, जेपेगचा (.jpg फाइलचा) जास्त. जेपेग 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत इमेज दाबतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेला राखाडी कचरा जमतो आणि ट्रेसर बिचारा त्यालाही आकार समजून पाथ (रेषा) काढत बसतो. म्हणून आधी गिंप या फोटो एडिटरमध्ये इमेज तीन-चार पट मोठी करा, मग लेव्हल्स (गडद-उजळ ठरवणारे स्लायडर) ओढून काळं-पांढरं स्वच्छ करा, आणि मगच इंकस्केप या व्हेक्टर ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या पाथ मेनूतलं ट्रेस बिटमॅप वापरा. त्यातला ब्राइटनेस कटऑफ (कितपत गडद ते काळं धरायचं, ती मर्यादा) मुळात 0.45 वर असतो, वाढवला की रेषा जाड होते. बारीक ठिपके राहिले तर तिथलंच स्पेकल्स (ठिपके गाळायचा पर्याय) वाढवा. झालेला ट्रेस मूळ इमेजच्या बरोब्बर वर बसतो, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं, बाजूला ओढून बघा.

देवनागरी अक्षरं मात्र शक्यतो ट्रेस करूच नका, शिरोरेषेचे कोपरे गोल होतात आणि प्लॉटरवर (कटिंग मशीनवर) व्हिनाइल स्टिकर कापताना ते लगेच दिसतं. फॉन्ट शोधून परत टाइप केलेलं कधीही बरं. आणि फोटो व्हेक्टर करायचा हट्ट कशाला हो, हजारो नोड (रेषेवरचे बिंदू) होतात, कॉम्प्युटर हँग!