औषधांच्या मालमोजणीसाठी हातातला स्कॅनर कोणता घ्यावा?

प्रश्न: सांगलीत आमचे औषधांचे घाऊक दुकान आहे. ३१ मार्चच्या मालमोजणीला चौघे जण वह्या घेऊन बसतात, तरी बॅच नंबर आणि मुदत उतरवताना चुका होतातच. साधा लेझर स्कॅनर पुरेल की टूडी (क्यूआरसारखे चौकोनी कोडही वाचणारा) घ्यावा? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १: टूडीच घ्या. ८९० ने सुरू होणाऱ्या १३ आकडी बारकोडात केवळ उत्पादनाची ओळख असते. बॅच आणि मुदत क्यूआर कोडमध्ये मिळू शकते, आणि तो लेझरला वाचता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बॅच व मुदतीसह बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. उरलेल्या औषधांची बॅच बहुधा हातानेच भरावी लागेल.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, पण कीपॅड असलेले अँड्रॉइड यंत्रच घ्यावे असा माझा आग्रह राहील. एकाच बॅचची चाळीस खोकी असतील तर एकदा स्कॅन करून ४० हा आकडा टाकता आला पाहिजे. आमच्या तळघरातल्या गोदामात वायफाय पोहोचत नसल्याने मोजलेली नोंद यंत्रातच साठवणे भाग पडते. ही सोय आधी तपासा. विक्रेत्याकडून यंत्र दोन दिवस मागून घ्या आणि आपल्याच मालावर चालवून पाहा. चकचकीत पट्टीवर उजेड परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही, तेव्हा यंत्र किंचित तिरपे धरावे लागते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आमचेही गोदाम तळघरातच आहे, त्यामुळे साठवणुकीची चौकशी उद्याच करतो.