सेंच्युरियन मार्क १: ‘सपोर्ट कर’ म्हणजे नेमकं काय करू?

कॉमेटवाला

मंडळी, वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेममध्ये ब्रिटिश मीडियमची (मधल्या वजनाच्या रणगाड्यांची) लाइन खेळतोय. क्रॉमवेलला जाम मजा आली. ताशी ६४ किमी वेग, लांबून वळसा मारायचा, आर्टीच्या (लांबून मारणाऱ्या तोफगाडीच्या) मागून जाऊन तिला पिडायचं आणि सटकायचं. कॉमेटवरही निभावलं. आता टियर ८ ला (आठव्या पायरीला) सेंच्युरियन मार्क १ घेतला आणि सगळं बोंबललंय.

वळसा मारायला जावं तर लाइट टँक आधीच तिथे बसलेले. हेवींबरोबर (जाड चिलखतवाल्या जड रणगाड्यांबरोबर) पुढे घुसलो की समोरचा हेवी आयएस-३ दोन गोळ्यांत निम्मा करून टाकतो. मागे झुडपात राहिलो तर लढाई संपते आणि माझं डॅमेज पाचशेच्या आत. क्लॅनमधली पोरं म्हणतात, ‘अरे हा सपोर्ट मीडियम आहे, सपोर्ट कर.’ पण कसा, ते एकही जण सांगत नाही. माइन्स किंवा प्रोखोरोव्का मॅप आला की पोटात गोळाच येतो. पिंग (नेटची दिरंगाई) शंभरच्या पुढे असतो, त्यामुळे अगदी जवळून गोल गोल फिरायचं काही सुचवू नका.

कल्याण_लोकल

फ्री एक्सपी (कुठल्याही टँकसाठी चालणारे अनुभव-गुण) साठवला असशील तर ओत आणि पुढचा सेंच्युरियन ७/१ घे. मार्क १ म्हणजे नुसती शिक्षा आहे. मी तरी तेच केलं.

तोफखाना_नगर

फ्री एक्सपी ओतून ७/१ घेतलास तर हाच घोळ टियर ९ ला घालशील, आणि तिथे समोर याहून मोठी धुडं असतील. मार्क १ वाईट नाही. क्रॉमवेलच्या सवयीनं चालवलास तर मात्र वाईटच आहे.

आधी आयएस-३ चा हिशोब कर. त्याच्या वरच्या तोफेचा गोळा सरासरी ३९० डॅमेजचा. गेम प्रत्येक गोळ्याला पंचवीस टक्के वर-खाली करतो, म्हणजे २९२ ते ४८७ मध्ये काहीही बसेल. तुझी २० पाउंडर सरासरी २३० ची. ‘तू एक मार, मी एक मारतो’ असा व्यवहार केलास तर दर फेरीला दीडशेहून जास्त तोटा. पण एकदा झाडल्यावर त्याला पुढचा गोळा भरायला दहा सेकंदांच्या वर लागतात, तुझा त्याच्या बराच आधी तयार होतो. ती मधली सेकंदं तुझी. आपला हेवी कोपऱ्यावरून तोंड काढतो, आयएस-३ त्याच्यावर झाडतो, आवाज येतो, तोफेच्या तोंडाशी धूर दिसतो, की तू बाहेर. एक मार आणि मागे. अजून एक बसेल असं वाटलं तरी मागे, कारण त्याच्या शेजारचा अजून झाडायचा असतो. कबड्डीत कोपऱ्यानं घोटा धरायच्या आधी कव्हरवाला उडी मारत नाही, तसंच.

दुसरी गोष्ट जागेची. हेवीच्या बुडाला चिकटून उभं राहू नकोस. त्याला गोळा मारून मागे यायचं असतं आणि तू दार अडवून बसलेला. त्याच्या शिव्या खाशील आणि तो मेला की पाठोपाठ तूही जाशील. त्याच्यापासून तीस-चाळीस मीटर बाजूला हो, समोरचा तिरका दिसेल असा कोन शोध. समोरचा शहाणा असेल तर आपल्या हेवीसाठी हल (टँकचं खालचं धड) वाकडा करून उभा राहतो, म्हणजे पुढून गोळा घसरेल. पण तेच वाकडं उभं राहणं तुझ्याकडे त्याची बाजू आणि पट्ट्याचं पुढचं चाक उघडं टाकतं. त्या चाकावर मार. बाजूनं नीट बसला तर डॅमेज मिळतं, पट्टाही तुटतो, आणि तो अडकलेला असताना बाकीचे जे मारतात त्याचा वाटा असिस्ट म्हणून तुझ्या खात्यात येतो. पट्टा जोडत आला की परत तोड. लोक लाल एचपी बार (उरलेल्या जिवाची पट्टी) बघून मारतात, पट्टा कोणी बघत नाही.

आता टँकचं अंग. तोफ दहा अंश खाली झुकते, ही या गाडीची खरी कमाई. समोरचं वरचं चिलखत ७६ मिमी, म्हणजे टियर ८ ला कागद. टरेट (वरचा फिरता बुरूज) मात्र दणकट. म्हणून सपाट जमिनीवर लढायचंच नाही. उंचवटा शोध, तोफ पूर्ण खाली कर आणि निशाणा उंचवट्याच्या कडेवरून मोकळा होईपर्यंत हळूहळू पुढे सरक. तिथेच थांब. त्याहून पुढे गेलास की हल दिसलाच. (आमच्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन उभा आहे, कधी आलास तर बघ. आपल्या लष्कराकडे आले ते मार्क नंतरचे, पण तोफ हीच २० पाउंडर. १९६५ च्या युद्धात फिल्लौराला पूना हॉर्स रेजिमेंटनं पाकिस्तानी पॅटनशी टक्कर घेतली ती याच तोफेवर. शेजारी उभं राहिल्यावर टरेट केवढा रुंद आहे ते कळतं.)

माइन्सवर मधल्या टेकडीची शर्यत लावू नकोस, तू हरणार. आपले लाइट आणि पळणारे मीडियम वर चढतात, तू पायथ्याशी कडेला थांब आणि त्यांच्यावर जो डोकं काढेल त्याला मार. टेकडी आपली झाली की मग चढ. प्रोखोरोव्कावर मधल्या उघड्या मैदानात पाय ठेवलास की टीडी (टँक डिस्ट्रॉयर, टँक मारायलाच केलेल्या गाड्या) टपलेलेच असतात. तिथे झुडपाला नाक लावून मारू नकोस. झाडलंस की १५ मीटरच्या आतलं झुडूप तुला लपवत नाही. मागे सरक, झुडूप तुझ्यासाठी अपारदर्शक झालं की मार. शत्रू तुला स्वतःला दिसणार नाही, पुढच्या कोणीतरी स्पॉट केलेला असावा लागतो. म्हणूनच पहिली दोन मिनिटं घाई नको.

आणि एचपी जप. लढाई पंधरा मिनिटांची, पण तुझं खरं काम पंधराचे पाच-सहा उरतात तिथून सुरू होतं. तेव्हा ज्याच्याकडे पूर्ण एचपी आणि बऱ्यापैकी वेग आहे, तो हवं तिथे घुसू शकतो. तुझी क्रॉमवेलची हौस तेव्हा भागव, कोण अडवतंय.

हल_डाउन_हरी

दादा, पुस्तकात हे छान आहे. माझ्या नशिबी आलेले हेवी बेसमागे आर्टीच्या शेजारी जाऊन झोपतात. सपोर्ट कोणाला द्यायचा? त्यात ‘सपोर्ट खेळतोय’ म्हणत निम्मे मीडियम नुसते कॅम्प करतात, म्हणजे मागे दडून बसतात.

तोफखाना_नगर

हरी, कॅम्प करणाऱ्यांबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर. पहिला गोळा सहाव्या मिनिटाला मारणाऱ्याला सपोर्ट म्हणू नये, प्रेक्षक म्हणावं.

हेवी झोपले तर काय करायचं ते सुरू व्हायच्या आधीच ठरव. तीस सेकंदांचं काउंटडाउन चालू असतं तेव्हा लोक चॅटमध्ये भांडतात, त्याऐवजी दोन्ही संघांच्या याद्या वाच. सुटल्यावर अर्धं मिनिट मिनीमॅप बघ, कोण कुठे वळतंय. एक जरी हेवी पुढे जात असेल तरी त्याच्यामागे जा, मग तो टियर ६ चा का असेना. तिकडे कोणीच नसेल तर ती बाजू एकट्यानं जिंकायची नाही, फक्त लांबवायची. एक उंचवटा धर, लाइट बल्ब पेटला (म्हणजे शत्रूनं तुला पाहिलं) की सोड, मागच्या उंचवट्यावर जा. तीन मिनिटं त्यांना हळू केलंस तरी दुसऱ्या बाजूच्या आपल्या लोकांना वेळ मिळतो. तेवढ्यात तेही हरले तर मग आपण काय करणार, पुढची लढाई लाव.

कॉमेटवाला

काका, जबरदस्त. पट्ट्याचं डोक्यात आलंच नव्हतं. काल मालिनोव्कावर टेकडीच्या कडेला तोफ खाली घालून बसलो, टायगर २ टरेटवर मारत बसला आणि एकही गोळा आत गेला नाही. एक शेवटचं: इक्विपमेंट काय लावू? सध्या दुर्बीण लावली आहे.

तोफखाना_नगर

दुर्बीण काढ. ती तीन सेकंद हललं नाही तरच चालू होते, आणि तू आता सारखा आत-बाहेर करणार. रॅमर लाव (गोळा लवकर भरतो), व्हर्टिकल स्टॅबिलायझर लाव (हलताना निशाणा कमी बिघडतो), तिसऱ्या जागी ऑप्टिक्स (नजर लांब जाते). क्रेडिट कमी असतील तर आधी रॅमर, बाकी नंतर. आणि गोल्ड गोळे (महागडे, जास्त भेदणारे) थोडेच ठेव. साध्या गोळ्याचं पेन (चिलखत भेदण्याची ताकद) २२६ मिमी आहे, बाजूनं मारायला तेवढं पुष्कळ.

कल्याण_लोकल

मी ७/१ विकून परत मार्क १ घेऊ का आता 😅