मदत हवी आहे : कृत्तिकांभोवतीची निळी धूळ – फोटोतली खरी कोणती, खोटी कोणती?

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहिते आहे. आमचं घर सुदामा नगरात, वर मोकळी गच्ची. कृत्तिकांचे फोटो काढते, तारे छान टोकदार येतात. अडतं ते त्यांच्याभोवतीच्या धुळीपाशी. फोटोत निळं काहीतरी उमटतं खरं, पण त्यातलं आकाशातलं किती आणि माझ्या भिंगातलं किती, हे मला ठरवता येत नाही.

साहित्य आधी सांगते. 72 मिलिमीटरची ईडी (रंगदोष कमी करणाऱ्या काचेची) दुर्बीण, नाभीय अंतर 432 मिलिमीटर. कॅमेरा कॅनन 600डी, आतला फिल्टर काढलेला नाही, दुकानातून आला तसाच. ट्रायपॉडवर छोटा ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांच्या मागे कॅमेरा फिरवणारं यंत्र; ऑटोगायडिंग (त्याची चूक आपोआप सुधारणारी सोय) नाही. या जोडीत साधारण 3 अंश बाय 2 अंश आकाश मावतं, म्हणजे सगळा पुंज आणि भोवती थोडी मोकळी जागा. आयएसओ 800, एकेक फ्रेम 60 सेकंदांची. गच्चीवरून याहून जास्त ठेवलं की पार्श्वभूमीच उजळून जाते. सेन्सरचे आणि भिंगाचे दोष वजा करायला लागणाऱ्या डार्क आणि फ्लॅट फ्रेम दर वेळी घेते. स्टॅकिंग, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचणं, डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये, पुढचं काम सिरिल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये.

स्ट्रेच केल्यावर, म्हणजे फिकट भाग उजळवल्यावर, पुंजातल्या मेरोपी या ताऱ्याच्या दक्षिणेला निळसर पट्टा पसरत गेलेला दिसतो. माया आणि अल्सायोनी या ताऱ्यांभोवतीही निळं आहे. पण तसंच निळं वर्तुळ पुंजातल्याच ॲटलास ताऱ्याभोवतीही आहे, आणि तिथे तर मोठ्या दुर्बिणींच्या फोटोंत फारशी धूळ दिसत नाही. त्यात एका कोपऱ्यात मातकट उजेड, कारण शेजारच्या इमारतीवर पांढरा एलईडी झोत आहे. सिरिलमध्ये बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (पार्श्वभूमीचा उजेड मोजून वजा करणं) चालवलं की तो उजेड जातो, पण मेरोपीचा पट्टाही निम्मा पुसला जातो. पार्श्वभूमी मोजायचे नमुन्याचे ठिपके कमी ठेवले की पट्टा टिकतो आणि उजेडही टिकतो. दोन्हीपैकी कुठल्या चित्रावर विश्वास ठेवायचा? मला छान दिसेल असं काही रंगवायचं नाहीये. जे तिथे आहे तेच यायला हवं.

हा प्रश्न जुना आहे, म्हणून तर जास्तच सतावतो. विल्हेल्म टेंपल या खगोलनिरीक्षकाने 1859 साली व्हेनिसमधून चार इंची दुर्बिणीने मेरोपीजवळचा हा तेजोमेघ पहिल्यांदा पाहिला, आणि आरशावर श्वास सोडल्यावर उमटणाऱ्या डागासारखा तो दिसतो असं लिहून ठेवलं. नंतर कितीतरी निरीक्षकांना तो दिसेचना, म्हणून तो आहे की नाही यावर वाद चालला. पुढे 1885 मध्ये पॅरिसच्या आँरी या खगोलशास्त्रज्ञ बंधूंच्या फोटोत मायाभोवतीचा तेजोमेघ उमटला, आणि 1912 मध्ये व्हेस्टो स्लायफर या खगोलशास्त्रज्ञाने मेरोपीजवळच्या उजेडाचा वर्णपट घेतला तेव्हा तो ताऱ्यांच्याच प्रकाशासारखा निघाला. म्हणजे ती धूळ स्वतः उजळत नाही, ताऱ्यांचा उजेड परतवते. ती पुंजाच्या जन्मावेळची उरलेली धूळही नाही. पुंजाचं वय सुमारे 10 कोटी वर्षं, इतक्या काळात ती केव्हाच विरली असती. सध्या तो एका वेगळ्याच ढगातून चालला आहे. हे वाचल्यापासून तो पट्टा माझ्या फोटोत खरा असावा असं फार वाटतं, आणि म्हणूनच माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.

इंदूरचा एक मोठा फायदा आहे. आपला अक्षांश 22.7, कृत्तिकांची क्रांती (आकाशातला अक्षांशच म्हणा) 24 अंश उत्तर, म्हणजे त्या जवळजवळ थेट डोक्यावरून जातात, हवेचा थर सगळ्यात पातळ असतो तिथून. पण ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 23 अंशांवर, तोही शहराच्या धुरकट उजेडात, त्यामुळे पोलर अलाइनमेंटला (ट्रॅकरचा आस ध्रुवाकडे जुळवायला) फार वेळ जातो.

एका विक्रेत्याने ड्युअल-बँड फिल्टर घ्यायला सांगितलंय, वर कॅमेरा मॉडिफाय करून घ्या, म्हणजे आतला फिल्टर काढून घ्या, असंही. दोन्हींचा खर्च माझ्या दृष्टीने मोठा आहे. त्याने धूळ खरंच सुधारेल का? की तोच पैसा पेट्रोलला घालून शहराबाहेर चोरल किंवा मांडूकडे जावं?

प्रतिसाद

ताई, फिल्टर घेऊ नका. ड्युअल-बँड फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ठरावीक रेषा तेवढ्या आत सोडतो. ज्या तेजोमेघाचा वायू स्वतः उजळतो त्याला तो उत्तम. कृत्तिकांची धूळ ताऱ्यांचा निळा उजेड परतवते, तो पूर्ण वर्णपटभर पसरलेला असतो; फिल्टर लावलात तर हवी तीच गोष्ट कापली जाईल. पांढऱ्या एलईडीचा उजेडही तसाच पसरलेला, म्हणून त्याला वेगळं गाळणारा फिल्टर नाही. मॉडिफिकेशनचा फायदा लाल हायड्रोजनला होतो, निळ्याला नाही. कॅमेरा आहे तसा राहू दे.

ॲटलासचं तुम्ही बरोबर हेरलंय, तोच तुमचा मापदंड. तो मेरोपीपेक्षा तेजस्वी आहे. त्याच्याभोवती जे गोल निळं दिसतं तेवढं भिंगाचं धरा. मेरोपीभोवती तेवढ्याच आकाराचं गोल असेल तर तेही भिंगाचंच. त्याच्या बाहेर एकाच बाजूला जे पसरलंय ते भिंग करू शकत नाही. फ्रेम घेताना मधूनमधून पुढच्या भिंगावर टॉर्च तिरकी मारून पाहत जा. दव धरलं की टेंपलचा तो डाग हुबेहूब तुमच्या प्रत्येक ताऱ्याभोवती तयार होतो. ड्यू हीटरची, म्हणजे भिंग गरम ठेवून दव रोखणारी, पट्टी लावाच.

आता दिव्यांचा उजेड. कृत्तिका डोक्यावर येण्याआधीच्या फ्रेम एका स्टॅकमध्ये घ्या. मग कॅमेरा आणि दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवा आणि नंतरच्या फ्रेम वेगळ्या स्टॅकमध्ये. फिरवल्यावर आकाशाच्या मानाने कॅमेरा 180 अंशांत उलटा होतो. दोन्ही चित्रं ताऱ्यांवर तारे ठेवून जुळवा. भिंगाचं गोल सोडून जे ताऱ्यांना धरून राहिलं ती धूळ. जे जागा बदलून बसलं ते शेजाऱ्यांचा झोत, व्हिनेटिंग (फ्रेमच्या कडांचा काळवंडलेपणा) नाहीतर सेन्सरवरचा कण.

पट्टा पुसला जातोय तो क्रमामुळे. तासन्‌तास घेतलेल्या फ्रेममध्ये उजेडाचा उतार दिशा बदलत जातो, स्टॅकमध्ये त्याचं वेडंवाकडं आवरण होतं आणि मग सॉफ्टवेअरला तेही धुळीसारखंच दिसतं. सगळं सिरिलमध्येच करा. स्टॅक करण्याआधी प्रत्येक फ्रेममधून फक्त पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उतार काढा. सरळ प्रतल मेरोपीचा वाकडा पट्टा खाऊ शकत नाही. आणि दर थोड्या फ्रेमनंतर दुर्बीण किंचित हलवा, नाहीतर सेन्सरचा ठरावीक नॉइज (चित्रातले खोटे ठिपके) रेघोट्या बनून येईल.

पैसा पेट्रोललाच घाला. आकाश 2.5 प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप) काळोखं असलं तर पार्श्वभूमी 10 पट मंद होते, आणि फिकट धुळीसाठी गच्चीवर जे 10 तासांत मिळेल ते तिथे साधारण तासाभरात. शहराच्या दक्षिणेला गेलात तर इंदूरचा उजेड उत्तरेला पडतो, म्हणजे त्रास ध्रुव शोधताना. डोक्यावरच्या कृत्तिकांना नाही. दिवाळीची अमावास्या सोडा, फटाक्यांचा धूर दोन-तीन रात्री खाली बसत नाही. कार्तिकी पौर्णिमेला तर चंद्रच कृत्तिकांच्या शेजारी असतो. दिवाळीनंतरची पुढची अमावास्या धरा, तेव्हा संध्याकाळपासूनच त्या वर आलेल्या असतात.

धागालेखिका

दादा, मनापासून आभार. जुना स्टॅक उघडून ॲटलासचं वर्तुळ मेरोपीवर ठेवून पाहिलं. अल्सायोनीभोवतीचं बरंचसं निळं भिंगाचं निघालं. मेरोपीचा पट्टा मात्र वर्तुळाच्या बाहेर दक्षिणेला स्पष्ट उरतो, दुप्पट अंतरापर्यंत तरी. फार आनंद झाला. मायाबद्दल अजून खात्री नाही, ते दोन स्टॅक जुळवल्यावरच कळेल.

फिल्टर रद्द. पुढच्या अमावास्येला चोरलच्या पुढे जायचा विचार आहे, पण रात्रभर एकटीने थांबायला घरचे तयार नाहीत. इंदूर-महू भागातलं कोणी येणार असेल तर इथेच कळवा. ओळखीचं कुटुंब सोबत असेल तर उत्तम. गाडीत दोन जागा आहेत, आणि ड्यू हीटरची एक पट्टी जास्तीची आणेन.