टचस्क्रीनवरच्या सादरीकरणाची वेळ गणिताने सिद्ध करून घ्यावी का?

लयबद्ध:
एका संग्रहालयाच्या टचस्क्रीनसाठी आम्ही स्माइलमध्ये, म्हणजे चित्र-आवाज कधी सुरू व्हावेत ते लिहायच्या भाषेत, सादरीकरण केलं होतं. चित्रं, निवेदन आणि बटण दाबल्यावर येणारे प्रश्न, सगळं एकाच 'पार' गटात, म्हणजे सोबत चालणाऱ्या गोष्टींच्या गटात. महिनाभर तपासलं, काही सापडलं नाही. लोकांसाठी खुलं झाल्यावर तक्रार आली की बटण चालत नाही. झालं असं, की जे सुरू व्हायला बटण लागतं त्यासाठी 'पार' थांबून राहत नाही. निवेदन संपलं की गट संपतो. म्हणजे जो शेवटपर्यंत शांतपणे ऐकतो, नेमके त्यालाच प्रश्न मिळत नाहीत. आमचं निवेदन तोंडपाठ झालेलं, त्यामुळे आमच्यापैकी कुणीच ते पूर्ण ऐकत नव्हतं!

नंतर तेच युपाल या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइम्ड ऑटोमॅटा, म्हणजे अवस्था आणि घड्याळं असलेलं गणिती मॉडेल, म्हणून मांडलं आणि विचारलं: बटण दाबलं की प्रश्न येतातच का? उत्तर 'नाही', आणि कुठल्या क्रमाने बिघडतं तेही समोर. माझ्या मते ही सिद्धता आधीच व्हायला हवी.

जुना_टेस्टर:
पटत नाही. शाळेतली पाच मुलं समोर बसवली असती तरी हे कळलं असतं. आणि तुम्ही सिद्ध केलंत ते हाताने लिहिलेलं मॉडेल. सादरीकरण चालवणारा प्लेयर तसाच वागतो हे कशावरून? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.1359 शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण 45 मिलिसेकंद पुढे किंवा 125 मागे गेला की माणसाला जाणवतो. तो घोळ फाइल उलगडणाऱ्या डिकोडरमध्ये, माहिती साठवून ठेवणाऱ्या बफरमध्ये होतो. तिथे मोजण्यावाचून इलाज नाही.

रिमोटवाली:
संग्रहालयात मुलं बसवता येतील, पण ब्राझीलच्या डिजिटल टीव्हीचं काय? तिथे गिंगा या टीव्हीतल्या, ॲप्स चालवणाऱ्या मिडलवेअरवर एनसीएल भाषेतली ॲप्स चालतात. रिओच्या पीयूसी विद्यापीठात घडलेली ही भाषा, 2009 मध्ये आयटीयूची एच.761 शिफारस झाली. प्रक्षेपण एकच, घरं लाखो, टीव्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. रिमोट कोण कोणत्या क्षणी दाबेल हे किती जणांना बसवून बघणार?

जुना_टेस्टर:
प्रक्षेपणापुरतं मान्य. पण दहा माध्यमं आणि प्रत्येकाचं घड्याळ धरलं, तर अवस्था गुणाकाराने फुगतात. तपासणी संपेल कधी?

लयबद्ध:
हा आक्षेप खरा आहे. अलूर आणि डिल या संगणकशास्त्रज्ञांच्या टाइम्ड ऑटोमॅटावरच्या 1994च्या निबंधामुळे अगणित क्षण मोजक्या प्रदेशांत, म्हणजे सारखंच वागणाऱ्या क्षणांच्या गटांत, बसवता येतात, म्हणून उत्तर मिळतं हे नक्की. पण घड्याळं वाढली की ते प्रदेश भराभर वाढतात. म्हणून मी प्रत्येक गटाला दोनच घड्याळं देतो, एक निवेदनाचं आणि एक पाहणाऱ्याचं. ओठ आणि आवाजाचा मेळ मॉडेलमध्ये घेतच नाही, तो तुम्हीच मोजा. आणि निवेदन 40 सेकंदांचं असेल तर 39 ते 41 लिहितो, म्हणजे प्लेयरचं मागेपुढे होणंही त्यात धरलं जातं.

जुना_टेस्टर:
39 आणि 41 आणले कुठून? यंत्रावर मोजले असतील तर तुमची सिद्धता माझ्या मोजणीवर उभी आहे. अंदाजाने लिहिले असतील, तर नक्की काय सिद्ध झालं ते सांगा.

लयबद्ध:
त्या वेळी अंदाजानेच लिहिले होते. संग्रहालयातल्या यंत्रावर मोजून मॉडेल पुन्हा चालवतो.