डिस्क राइट होत नाही, लिनक्स आहे – तातडीने मदत हवी

कोकणवारा: नमस्कार. भाच्याने कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं आणि तो पुण्याला गेला. मला डिस्क राइट करायची आहे. सॉफ्टवेअर डाउनलोड केलं, पण क्लिक केलं तरी उघडत नाही. दोन दिवस झगडतोय. सोमवारी देवळात सप्ताह बसतोय, त्याआधी हवं आहे.

पेंग्विन: कुठलं लिनक्स? सॉफ्टवेअर कुठलं? एरर काय येतो?

कोकणवारा: लिनक्सच. चालू करताना हिरवं चिन्ह येतं. फाइलच्या शेवटी डॉट ईएक्सई आहे.

पेंग्विन: म्हणजे लिनक्सचा मिंट हा प्रकार दिसतोय. ईएक्सई विंडोजची असते, ती इथे तशी चालत नाही. इथे सॉफ्टवेअर वेबसाइटवरून शोधत बसायचं नसतं. मेनूत 'सॉफ्टवेअर मॅनेजर' उघडा, 'ब्रासेरो' हे डिस्क लिहिणारं सॉफ्टवेअर शोधा, इन्स्टॉल दाबा. लॉगिनचाच पासवर्ड मागेल.

रात्रपाळी: वाइन टाका, त्यावर विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्समध्ये चालतात, ईएक्सई चालेल. माझं हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर सहा वर्षं वाइनवर आहे.

पेंग्विन: हिशोबाचं ठीक आहे हो. डिस्क लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला थेट ड्राइव्हशी बोलावं लागतं, वाइन तिथेच अडतं. नवीन माणसाला त्यात पाडू नका.

केतकी: ब्रासेरोपेक्षा के३बी घ्या, त्यात सेटिंग जास्त मिळतात.

पेंग्विन: त्याच्यासोबत केडीई या वेगळ्या डेस्कटॉपची ढीगभर पॅकेजेस येतील. घाईच्या वेळी कशाला?

कोकणवारा: इन्स्टॉल होत नाही. दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू आहे, लॉक आहे, असं म्हणतंय.

रात्रपाळी: टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून लॉक फाइल उडवा, एका मिनिटाचं काम.

पेंग्विन: अजिबात नको! मागे अपडेट चालू असेल. मध्येच लॉक उडवलं तर पॅकेजेस अर्धवट राहतात. अपडेट मॅनेजर पूर्ण होऊ द्या.

निवृत्त शिक्षक: आता सीडी कशाला? १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. मिंटमध्ये 'यूएसबी इमेज रायटर' असतं, आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची प्रत) निवडून 'राइट' दाबलं की बूट होणारा, म्हणजे कॉम्प्युटर ज्यावरून चालू होतो असा, पेनड्राइव्ह तयार.

कोकणवारा: सर, मला बूट करायचं नाही. देवळातल्या प्लेअरला पेनड्राइव्हची जागाच नाही. ब्रासेरो अपडेटनंतर इन्स्टॉल झालं. पण आता डिस्क टाकली तरी दिसत नाही.

केतकी: डिस्क म्हणजे सीडी की डीव्हीडी? ड्राइव्ह कुठला? आणि नेमकं काय लिहायचंय?

कोकणवारा: डीव्हीडी-आर. जास्त मावतं म्हणून दुकानदाराने दहा दिल्या. आजोबांची काकड आरती आणि अभंग आहेत. कॅसेटवरून भाच्याने एमपी३ केले, एकूण ३ तास १० मिनिटं. आजोबा आता नाहीत, या सप्ताहात पहाटे त्यांचाच आवाज लावायचा असं गावाने ठरवलंय.

केतकी: हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. टर्मिनलमध्ये इंग्रजीत लहान अक्षरांत 'कॅट' लिहा, एक जागा सोडा, मग '/प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो'. 'कॅन राइट डीव्हीडी-आर' पुढे काय आकडा आहे?

कोकणवारा: ०. सीडी-आर पुढे १.

केतकी: मग तुमचा कॉम्बो ड्राइव्ह आहे. तो डीव्हीडी वाचतो, पण लिहितो फक्त सीडी. सीडी-आर आणा. सीडी-आरडब्ल्यू नको, जुने प्लेअर ती बऱ्याचदा वाचत नाहीत.

पेंग्विन: ब्रासेरोत 'ऑडिओ प्रोजेक्ट' निवडा, 'डेटा' नाही. डेटा सीडीवर सगळ्या एमपी३ मावतील, पण साधा प्लेअर त्या वाजवणार नाही. ऑडिओ सीडीत ८० मिनिटंच बसतात, म्हणजे तुम्हाला तीन लागतील. वेग सगळ्यात कमी ठेवा.

रात्रपाळी: वेगाने काही फरक पडत नाही, मी कायम जास्तीत जास्त वेगाने लिहितो.

केतकी: नवीन प्लेअरवर नसेल पडत. आमच्या जुन्या डेकवर वेगात लिहिलेली सीडी अडखळायची, तीच हळू लिहिली की नीट वाजायची.

कोकणवारा: आज रविवार, दुकान बंद. बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्याकडे चार कोऱ्या सीडी-आर मिळाल्या. पहिली लिहून आत्ताच देवळात लावून आलो. चालते. उरलेल्या दोन रात्री करतो.

निवृत्त शिक्षक: चौथीवर काकड आरतीची आणखी एक प्रत काढून ठेवा. आणि मूळ कॅसेट टाकू नका.