साठलेल्या संपत्तीतून गरिबांसाठी काढायची जकात चोख दिली, तरी माणूस कंजूष असू शकतो का?

शिदोरी

माझे मामू रमजान लागला की छोटा काटा काढून बसायचे. मामींच्या दागिन्यांत सोनं किती, खडे किती, बँकेत काय, कुणाकडून येणं काय, सगळं एका जाड वहीत. जकात चाळिसावा हिस्सा, म्हणून मग बेरजेला चाळीसने भागायचं. रक्कम ईदच्या आधी हकदाराच्या हातात. उभ्या आयुष्यात त्यांनी जकात एकदाही चुकवली नाही.

आणि याच मामूंकडे शेजाऱ्याने दोन तासांसाठी शिडी मागितली, तर "पायरी सैल झालीय" म्हणून ते दार लावून घेत. पायरी सैल नव्हती. मी चढलोय त्या शिडीवर.

माझं स्पष्ट मत आहे की मामू बखील, म्हणजे कंजूष, होते आणि जकातीच्या वहीने ते पुसलं जात नाही. कुरआनातली सूरह माऊन अवघ्या ७ आयतींची आहे. तिचा शेवट कुणावर होतो? नमाज पढणाऱ्यांवर. जे दाखवण्यासाठी पढतात आणि 'माऊन' द्यायला नाही म्हणतात, त्यांच्यावर. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्ला इब्न मसऊद सांगतात की आम्ही बादली, हंडी उसनी देणं यालाच माऊन म्हणायचो. शिडी याच यादीतली ना?

चौकस

शिदोरी, लिहिलंय मनापासून, पण पटलं नाही. पैगंबरांचेच सहकारी अली आणि इब्न उमर यांच्याकडून माऊनचा अर्थ 'जकात' असाही आलेला आहे. त्या अर्थाने तुमचे मामू सुटले.

मुळात हा वाद जुना आहे. सोनं-चांदी साठवून ठेवणाऱ्यांची कपाळं, कुशी आणि पाठी त्याच तापवलेल्या धातूने डागल्या जातील, ही सूरह तौबाची आयत (९:३४-३५). शामचे (सीरियाचे) सुभेदार मुआविया म्हणाले, ही आधीच्या ग्रंथधारकांबद्दल आहे. पैगंबरांचे दुसरे सहकारी अबू जर म्हणाले, त्यांच्याबद्दल आणि आपल्याबद्दलही. वाद खलिफा उस्मान यांच्यापर्यंत गेला आणि अबू जर शेवटी मदिनेबाहेर रबजाला जाऊन राहिले. पण बहुसंख्य उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, इब्न उमर यांचं म्हणणं धरलं: ज्या मालाची जकात निघाली, तो माल 'कन्ज' नाही, म्हणजे दडवलेला साठा नाही.

ही रेषा पुसलीत, तर पगारातून मुलांसाठी चार पैसे गाठीला बांधणाऱ्या प्रत्येकाला कुणीही उठून बखील म्हणेल. पैगंबरांचे सहकारी साद इब्न अबी वक्कास आजारी असताना सगळी मालमत्ता देऊन टाकायला निघाले होते. पैगंबर म्हणाले, एक तृतीयांश दे, आणि तेही खूप आहे. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणं बरं. काब इब्न मालिक या सहकाऱ्यालाही 'थोडं स्वतःकडे राहू दे' असंच सांगितलं. हात मानेला बांधू नकोस आणि पुरता मोकळाही सोडू नकोस (१७:२९), हे कुरआनच सांगतं. राखून ठेवणं हा गुन्हा नाही.

नदीकाठ

तुम्ही दोघं शेजाऱ्यावर आणि वारसांवर बोलताय. मला मामींबद्दल विचारायचंय. दागिने त्यांचे, वजन मामू करणार, वही मामूंची. घरखर्चाला त्यांच्या हातात काय पडत होतं?

अबू सुफियान यांची बायको हिंद पैगंबरांकडे हीच तक्रार घेऊन गेली होती. नवरा हात आखडता घेतो, मला आणि मुलांना पुरेल एवढं देत नाही, मी त्याच्या नकळत घेऊ का? उत्तर मिळालं: तुला आणि तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल तेवढं घे. हिंदने नवऱ्यासाठी वापरलेला शब्द आहे 'शहीह'. तो 'शुह्ह'वरून येतो, आणि सूरह हश्रमध्ये (५९:९) जो मनाच्या 'शुह्ह'पासून वाचला तोच यशस्वी म्हटलंय. म्हणजे नुसता खिसा नव्हे, मनाची पकड. ती आधी घरातल्यांना जाणवते. बाहेर सढळ आणि घरात कवडीचुंबक असेही पाहिलेत मी, आणि जवळून पाहिलेत.

सांजवारा

चौकस, रेषा म्हणता ती तरी एक कुठे आहे? निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, २० दिनार सोनं किंवा २०० दिरहम चांदी. ढोबळ मानाने ८५ ग्रॅम सोनं किंवा ५९५ ग्रॅम चांदी. त्या काळी दोन्हींची किंमत जवळपास सारखी होती. आज सोन्याची मर्यादा चांदीच्या कितीतरी वर गेलीय. ज्याच्याकडे फक्त रोकड आहे, त्याने सोनं धरलं तर तो मोकळा, चांदी धरली तर देणेकरी. गरिबाचा फायदा चांदीत आहे म्हणून अनेक हनफी पंथाचे आलिम (धर्मपंडित) चांदीच धरायला सांगतात. कुठली मर्यादा निवडायची, तिथेही दानत दिसतेच.

शिदोरी

नदीकाठ, तुमचा प्रश्न लागला. मामी भाजीच्या पैशांतून वाचवून आम्हा भाच्यांना ईदी द्यायच्या, मामूंना न सांगता. मला हे आजवर गोड वाटत होतं. आता तसं वाटत नाही.

चौकस, साठवण्याला माझा विरोधच नाही. मुलांसाठी ठेवलेलं राहू दे. धर्मचिंतक गजालींनी द्यायच्या दोन जागा सांगितल्यात: एक शरियतने बांधलेली, दुसरी मुरुव्वतीची, म्हणजे माणुसकीची. यातली कुठलीही अडवली तरी बखीलच. मामूंनी पहिली कधी अडवली नाही. दुसरी रोज अडवली.

मला ती लोखंडी अंगरख्यांची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आठवते. दोन माणसं, दोघांच्या अंगात छातीपासून गळ्यापर्यंत चिलखत. देणारा देतो तसं ते सैल होत बोटांच्या टोकांपर्यंत उतरतं. बखील द्यायचं म्हणतो तेव्हा एकेक कडी जागच्या जागी आवळते. तो ते ओढतो, आणि ते हलत नाही. या ओढण्यापाशी मी दरवेळी थांबतो. मामूंनाही द्यायचं असेल का कधी? दाराआड गेल्यावर ते बराच वेळ गप्प बसायचे, हे मी पाहिलंय.

चौकस

हे शेवटचं वाचून मी जरा थांबलो. तरी एक सांगतो. उसनी नेलेली वस्तू मोडली तर भरपाई कुणी द्यायची? शाफई आणि हंबली हे धर्मकायद्याचे पंथ म्हणतात, नेणाऱ्याने. हनफी म्हणतात, त्याची हयगय नसेल तर नाही. म्हणजे शिडी देणाऱ्याची धास्ती फकीहांनीही, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनीही, गंभीरपणे घेतली होती. मामूंची धास्ती खरी असेल, तर 'बखील' हा शब्द मला जड वाटतो.

शिदोरी

धास्ती खरी असेलही. पण त्यांची शिडी मोडून परत आली असं एकदाही झालं नाही, कारण ती कधी कुणाकडे गेलीच नाही.